प्रिमोझ, प्रिमोज की प्रिमोश? ह्या स्लोव्हेनियन नावाचा अर्थ काय आणि आलं कुठून?

प्रथमेश_कोथरूड
मंडळी एक प्रश्न आहे, भाषाबिषा कळणाऱ्यांनी जरा मदत करा. आमच्या प्रोजेक्टला ल्युब्लियानाची एक टीम आहे, स्लोव्हेनियाची (स्लोव्हाकिया नाही, मीच पहिले दोन महिने गोंधळ घातलाय). तिथल्या टेस्टिंगवाल्याचं नाव प्रिमोझ. लिहिताना शेवटी झेड आणि त्या झेडच्या डोक्यावर एक उलटी टोपी. मी सहा महिने त्याला प्रिमोज म्हणतोय, आमची मॅनेजर प्राइमोझ म्हणते आणि टीममधला एक नग सरळ प्रायमस म्हणतो, आपला आजीच्या घरातला स्टोव्ह असायचा ना तो, पंप मारायचा. परवा कॉल सुरू व्हायच्या आधी टाइमपास चालू होता तेव्हा त्याने मला विचारलं तुझ्या नावाचा अर्थ काय, मी म्हटलं प्रथम म्हणजे पहिला, त्याचा ईश, म्हणजे गणपती. तर तो हसायलाच लागला, म्हणे मग आपण दोघं एकच, माझ्या नावाचा अर्थपण पहिला. एवढ्यात मॅनेजर जॉइन झाली आणि विषय बारगळला. आता डोक्यात किडा वळवळतोय. खरंच तसा अर्थ आहे का? हे नाव मूळचं त्यांचंच का? आणि म्हणायचं नक्की कसं, कारण तो स्वतः म्हणतो तेव्हा मला शेवटी श ऐकू येतो, पण त्याच्या टीममधले त्याच्याबद्दल बोलतात तेव्हा मध्येच झ पण येतो. कान तपासून घेऊ का?

सायकलवेडा_नाशिक
अरे प्रिमोझ म्हटलं की रोग्लिच! प्रिमोझ रोग्लिच. सायकलिंग बघत नाहीस वाटतं. चारदा व्हुएल्टा, म्हणजे स्पेनची मोठी सायकल शर्यत, जिंकलाय, २०१९, २०२०, २०२१ आणि परत २०२४. २०२३ चा जिरो, म्हणजे इटलीची मोठी शर्यत. टोकियो ऑलिंपिकला टाइम ट्रायलचं (एकेकट्याने घड्याळाविरुद्ध पळवायची शर्यत) गोल्ड. आणि गंमत म्हणजे हा माणूस मुळात सायकलवाला नाहीच, आधी स्की जंपिंग करायचा, २००७ ला ज्युनिअर वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये टीमचं गोल्ड होतं त्याचं. अजूनही जिंकल्यावर पोडियमवर एक पाय पुढे टाकून स्की जंपरसारखी लँडिंगची पोज देतो. जिरोचा तो शेवटून दुसरा दिवस तर मी विसरूच शकत नाही, मोंते लुस्सारीचा चढ, टाइम ट्रायल, ह्याची चेन पडली, आमचं काळीज पडलं, रस्त्याकडेच्या एका प्रेक्षकाने ढकलून परत सुरू करून दिला आणि नंतर कळलं की तो प्रेक्षक म्हणजे ह्याचाच जुना स्की जंपिंगचा साथीदार. शेवटी जिरो जिंकला किती फरकाने, तर १४ सेकंद.

नावाचं म्हणशील तर मी कुठेतरी वाचलं होतं की त्यांच्या भाषेत मोझ म्हणजे पुरुष आणि प्री म्हणजे जवळचा, तर प्रिमोझ म्हणजे जवळचा माणूस, भरवशाचा माणूस. मला तरी पटलं, रोग्लिच तसाच आहे.

ल्युब्लियानावाली_ताई
सायकलवेडा भाऊ, रोग्लिचवरचं सगळं शंभर टक्के बरोबर, मोझवालं मात्र शंभर टक्के चूक 😄 मी इथे नऊ वर्षं आहे, मुलगा इथल्याच शाळेत जातो, त्यामुळे थोडंफार सांगू शकते. मोझ म्हणजे पुरुष किंवा नवरा, हे खरंय. प्री म्हणजे जवळ, कडे, हेही खरंय. पण ह्या नावाशी दोन्हीचा संबंध नाही, नुसता आवाज जुळलाय. आपल्याकडे कोणी म्हणेल ना की सदाशिव म्हणजे सदा शिवत बसणारा, तसं.

प्रथमेश, तुझा तो टेस्टिंगवाला बरोबर बोलला. नाव लॅटिन आहे, मूळ प्रीमुस, अर्थ पहिला. रोमन लोक मुलांना सरळ नंबरवारी नावं द्यायचे, प्रीमुस, सेकुंदुस, तेर्तियुस, क्विंतुस. आणि म्हणून तुमच्या टीममधला तो नग जो प्रायमस म्हणतो ना, त्याला माझ्याकडून एक चहा. तो स्टोव्ह १८९२ सालचा, स्वीडनचा, स्टॉकहोमला निघालेला, आणि त्या कंपनीने लॅटिन प्रीमुसच उचलला होता नावाला. म्हणजे तुम्ही सगळे चुकताय आणि चेष्टा करणारा एकटा मुळापर्यंत पोचलाय.

आता उच्चार. तुझे कान ठणठणीत आहेत. टोपीला इथे स्ट्रेशित्सा म्हणतात, म्हणजे छोटंसं छप्पर. छप्परवाल्या झेडचा आवाज आपल्या झाडातल्या झ चा नाही, टेलिव्हिजनमध्ये इंग्रज लोक जो मऊ झ काढतात ना तो. पण स्लोव्हेनियनमध्ये शब्दाच्या एकदम शेवटी आला की असा घोष आवाज कडक होतो, झ चा श होतो. म्हणून नुसतं नाव घेतलं की प्रीमोश, पहिल्या अक्षरावर जोर, प्री लांब. पण पुढे प्रत्यय लागून स्वर आला की झ परत उगवतो. प्रीमोझा, प्रीमोझू, प्रीमोझेम. मी त्याला पाहिलं असं म्हणायचं तर प्रीमोझा, त्याला दिलं तर प्रीमोझू. तो समोर असताना हाक मारतात प्रीमोश, तो नसताना त्याच्याबद्दल बोलतात तेव्हा बहुतेक वेळा प्रत्यय लागलेला असतो. तू जे ऐकलंस ते हेच.

प्रथमेश_कोथरूड
ताई _/\_ म्हणजे आपल्यासारखंच झालं की, गणेश पण गणेशाला. नावाला सामान्यरूप!! मला वाटायचं हा छळ फक्त मराठीत आहे.

ल्युब्लियानावाली_ताई
छळ कसला, मला तर त्यानेच भाषा शिकायला सोपी गेली. माझ्याबरोबर क्लासला एक आयरिश मुलगी होती ती रडकुंडीला यायची की माणसाचं नाव बदलतंच कसं. आणि मला आवडणारी गोष्ट म्हणजे प्रीमोशचा भाऊ, प्रीमोशची बहीण, प्रीमोशचं नाव, ह्यात आपला चा ची चं बदलतो ना, तिथेही तस्संच. प्रीमोझेउ ब्रात, प्रीमोझेवा सेस्त्रा, प्रीमोझेवो इमे. ब्रात म्हणजे भाऊ, सेस्त्रा बहीण, इमे म्हणजे नाव. आणि इमे त्यांच्याकडेही नपुंसकलिंगी, आपल्या नावासारखंच. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी बसमध्ये एकटीच हसत होते.

आणि ऑफिसात दोन प्रिमोझ असतील तर अजून मजा, द्विवचन आहे त्यांच्याकडे, जिवंत, रोजच्या बोलण्यातलं. द्वा प्रीमोझा, पण तीन झाले की त्रिये प्रीमोझी. आपण शाळेत रामः रामौ रामाः घोकलं आणि सोडून दिलं, इथे भाजीवाली बाई वापरते.

संस्कृतानंद_काका
वाचून आनंद झाला. माझं पूर्वीपासूनचं मत ह्या धाग्याने सिद्ध झालं. प्रथम ह्या संस्कृत शब्दापासून प्रीमुस, प्रीमुसपासून प्रीमोझ. ब्रात म्हणजे भ्राता, इमे म्हणजे नाम, द्विवचनही आपलंच. सगळ्या युरोपी भाषा इथूनच गेल्या आहेत, लोक मान्य करत नाहीत एवढंच.

शब्दखोर
काका नमस्कार, तुमच्याशी भांडायचं नाही, पण सिद्ध वगैरे झालं नाही हो. प्रथममधून प्रीमुस निघाला नाही आणि उलटंही झालं नाही. दोन्ही चुलतभाऊ आहेत. मागे एक जुनी मूळ भाषा होती, तिच्यात पुढे, समोर अशा अर्थाचा एक धातू होता. त्याच्यापासून संस्कृतात प्र उपसर्ग आणि त्यावर प्रथम झाला, लॅटिनमध्ये प्रो, प्री झाले आणि त्यावर प्रीमुस झाला. आजोबा एक, घरं वेगळी. द्विवचनही तसंच, ते आजोबांच्या घरचं भांडं आहे, संस्कृतकडे आलं, जुन्या ग्रीककडे आलं, बहुतेकांनी मोडीत काढलं, स्लोव्हेनियनांनी अजून घासूनपुसून वापरात ठेवलंय.

उलट मला ह्याहून भारी एक गोष्ट सांगायचीये. स्लोव्हेनियनमध्ये पहिला ह्याला स्वतःचा शब्द आहे, प्र्वी. तो लॅटिनचा उसना नाही. आणि प्र्वीचा संस्कृतातला सख्खा भाऊ म्हणजे पूर्व. आपण पूर्वी म्हणतो, पूर्वज म्हणतो, तोच. म्हणजे त्या माणसाच्या घरात तुमचे दोन नातेवाईक राहतात, नावात प्रथमचा चुलतभाऊ आणि रोजच्या बोलण्यात पूर्वचा. मोझचंही तेच, जो सायकलवेडा भाऊंनी चुकीच्या जागी आणला, तो मनु आणि मनुष्य ह्यांच्या गोतावळ्यातला शब्द.

आता राहिला खरा प्रश्न, जो कोणी विचारला नाही. प्रीमुसच्या स चा झ कसा झाला? ताईंनी पहिल्या पोस्टमध्ये तो टप्पा उडी मारून पार केला.

ल्युब्लियानावाली_ताई
पकडलं 😅 कारण मला माहीत नव्हता. मला एवढंच जाणवलंय की इथे बऱ्याच नावांना ते शेपूट असतं. तोमाझ, ब्लाझ, मात्याझ, आंद्राझ, आम्ब्रोझ. मुलाच्या वर्गात एका रांगेत तीन होते.

शब्दखोर
बस तीच यादी पाहिजे होती. तोमाझ म्हणजे थॉमस. ब्लाझ म्हणजे ब्लासियुस. मात्याझ म्हणजे मथायस. आंद्राझ म्हणजे आंद्रेयास. आम्ब्रोझ म्हणजे आम्ब्रोसियुस. सगळीकडे जिथे स असायला हवा तिथे झ. एखाद्या नावात झालं असतं तर म्हटलं असतं गंमत, पण रांगच्या रांग म्हणजे काहीतरी नियम आहे.

कारण असं, की ही नावं स्लोव्हेनियन लोकांना रोममधून थेट पार्सल नाही आली. त्यांचे पूर्वज आल्प्सच्या पूर्वेला येऊन राहिले आणि आठव्या नवव्या शतकात ख्रिश्चन झाले, तेव्हा शिकवायला आलेले पाद्री बरेचसे साल्झबुर्ग आणि फ्रायझिंगकडचे, म्हणजे जुनी जर्मन बोलणारे. त्या काळच्या जर्मनचा स आजच्यासारखा स्वच्छ दाती स नव्हता, जीभ जरा मागे घेऊन काढायचे, स आणि श च्या मधला कुठलातरी. स्लाव्ह कानांना तो श किंवा झ वाटायचा. पाद्री म्हणाला प्रीमुस, गावकऱ्याने ऐकलं प्रीमोझ. पुरावा म्हणून नावं सोडा, साध्या वस्तू बघा. जर्मनमध्ये करवतीला झेगे, लिहिताना एस, इथे झागा. साबण, जर्मन झायफे, इथे बोलीत झायफा. सूप, जर्मन झुपे, इथे बोलीत झुपा. मी जर्मन शब्द आजच्या उच्चाराने लिहिलेत म्हणून फरक कमी वाटेल, पण आजचा जर्मन झ हा आपल्या सरळ झेडसारखा आहे आणि स्लोव्हेनियनांनी घेतला तो छप्परवाला, मऊ. जुन्या कानाने जे ऐकलं ते तिथे गोठून बसलं. झिगा नावाचा कोणी भेटला तर तो सिगिस्मुंड समजा, तिथे तर झ पुढूनच लागलाय.

थोडक्यात त्या माणसाच्या नावातला पहिला भाग रोमचा आणि शेवटचं अक्षर कुठल्यातरी बव्हेरियन पाद्र्याच्या जिभेचं.

संस्कृतानंद_काका
चुलतभाऊ हे मान्य करायला थोडा वेळ लागेल, पण करवत आणि साबणाचा पुरावा चांगला दिलात. एक भर घालतो. शेवटी कडक आणि स्वर आला की मऊ, हे आपल्याकडेही आहे. नुसता वाक्, पण वागीश्वरी. जगत्, पण जगदीश. तेव्हा प्रीमोश पण प्रीमोझा ऐकून प्रथमेशने दचकू नये, त्याच्या पूर्वजांना हे नवीन नव्हतं.

शब्दखोर
काका हे मात्र एकदम चोख 👏 नियम अगदी तोच नाही, पण समजावायला ह्याच्यापेक्षा चांगलं उदाहरण मला सुचलं नसतं.

म्हापसेकर
एक शंका. अर्थ पहिला, ठीक. पण मग ते काय पहिल्या मुलाचं नाव ठेवतात का प्रिमोझ? आमच्याकडे गोव्यात ख्रिस्ती घरांत नावाचा अर्थ बघून नाव ठेवलंय असं मी फारसं ऐकलं नाही. माझ्या पायची, म्हणजे बाबांची गोष्ट, तो जन्मला तो दिवस कुठल्या सायबाचा, म्हणजे संताचा, ते आजीने कॅलेंडरात बघितलं आणि तेच नाव. अर्थ काय ते त्याला सत्तर वर्षांत कोणी विचारलं नाही.

ल्युब्लियानावाली_ताई
म्हापसेकर, अगदी तेच. इथेही पूर्वी तसंच. प्रिमोझ म्हणजे कोणीतरी पहिला मुलगा असं नाही, प्रिमोझ म्हणजे संत प्रिमोझ. दोघे भाऊ, प्रीमुस आणि फेलिसियानुस, रोमजवळ डायोक्लेशियन बादशहाच्या काळात मारले गेले असं मानतात, त्यांचा दिवस ९ जून. पुढे ६४८ च्या सुमारास पोपने त्यांच्या अस्थी रोम शहराच्या भिंतीच्या आत सान्तो स्तेफानो रोतोंदो नावाच्या गोल चर्चमध्ये आणल्या, तिथे दोघांचं जुनं मोझाइक आहे.

आणि आता शब्दखोर दादांना आवडेल असं. ते फ्रायझिंग म्हणालात ना? ८७५ च्या सुमारास ह्याच फ्रायझिंगच्या बिशपच्या लोकांनी ऑस्ट्रियातल्या वोर्थर तळ्यात, तेव्हा ते बेट होतं, एक चर्च बांधलं, मारिया वोर्थ, आणि तिथे ह्या दोन भावांचे अवशेष आणून ठेवले. तो सगळा भाग कोरोश्का, तिथे तेव्हा स्लोव्हेनियनांचे पूर्वज राहायचे आणि अजूनही त्या भागात स्लोव्हेनियन बोलणारे लोक आहेत. म्हणजे रोमचे संत, फ्रायझिंगचे पाद्री आणि स्लाव्ह गावकरी हे तिघं एका तळ्यात एकत्र आलेले. स्लोव्हेनियनची सगळ्यात जुनी लेखी पानंही फ्रायझिंगच्याच एका हस्तलिखितात सापडली, साधारण इसवी सन हजारच्या आगेमागेची. त्या भागात एका गावाचं नावच शेंतप्रीमोझ आहे, शेंत म्हणजे संत. आम्ही राहतो तिथून जवळ, कामनिकच्या वर डोंगरात संत प्रिमोझचं चर्च आहे, दीड दोन तास चढून जायचं, आत १५०४ ची भित्तिचित्रं, तीन राजांची मिरवणूक, आणि मारिया आपला झगा पसरून सगळ्यांना पोटाशी घेतेय. बाहेर बसून डबा खाल्ला की जेजुरीगड आठवतो, काय माहीत का, हळद नाही, गर्दी नाही, तरी.

दुसरा भाऊ फेलिसियान बिचारा नावातून गळाला. आडनाव म्हणून दिसतो, पण वर्गात फेलिसियान म्हणून हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. प्रिमोझवरून मात्र आडनावही झालंय, प्रिमोझिच, म्हणजे प्रिमोझचा छोटा, प्रिमोझच्या घरचा.

म्हापसेकर
म्हणजे नेमका मिरगाचा पाऊस सुरू व्हायच्या दिवसातला संत. देव बरें करूं.

ल्युब्लियानावाली_ताई
हो ना! आणि ऐका, त्याच्या आदल्या दिवशी, ८ जूनला, संत मेदार्द. त्या दिवशी पाऊस पडला की चाळीस दिवस पडतो म्हणतात. माझ्या शेजारच्या आजी दर वर्षी ८ जूनला खिडकीतून आकाश बघत बसतात आणि मी त्यांना सांगते की आमच्याकडे पण ह्याच दिवसांत सगळे वर बघत असतात, वाहन काय आहे ते विचारतात, बेडूक की म्हैस. वाहन समजावता समजावता माझी स्लोव्हेनियन संपली.

त्याच आजींकडे प्रातिका असते, म्हणजे त्यांचं पंचांग म्हणा ना, छोटंसं, रोजच्या दिवसाला संताचं चिमुकलं चित्र. पूर्वी लोकांना वाचता यायचं नाही म्हणून चित्रं, चित्र बघून कळायचं आज कोण. नाव ठेवायला तेच बघायचे. आणि मोठेपणी त्या दिवशी वाढदिवसासारखं शुभेच्छा देतात, त्या दिवसाला गोद म्हणतात, अर्थात शेवटी द कडक होतो म्हणून ऐकू येतं गोत. सासूबाईंना पहिल्यांदा सांगितलं तर त्या म्हणाल्या, कोणाचं गोत?

प्रथमेश_कोथरूड
मी फक्त नाव कसं म्हणायचं विचारलं होतं, इथे तर पीएचडी चालूये, चालू द्या. एक विचारू का, रोग्लिच सोडून अजून कोणी मोठा प्रिमोझ? म्हणजे कॉलवर जरा शायनिंग मारता येईल असा.

सायकलवेडा_नाशिक
खेळातले घे माझ्याकडून. प्रिमोझ कोझ्मुस, हातोडाफेक, २००८ बीजिंग ऑलिंपिक गोल्ड, २०१२ ला लंडनमध्ये सिल्व्हर. प्रिमोझ पेटेर्का, स्की जंपिंग, लागोपाठ दोन सीझन, ९६-९७ आणि ९७-९८, ओव्हरऑल वर्ल्ड कप. आणि शब्दखोर दादा तुमच्या त्या शेपटाला सलाम, कारण १९८८ च्या कॅल्गरी ऑलिंपिकला युगोस्लाव्हियाची स्की जंपिंग टीम सिल्व्हर जिंकली, चौघंही स्लोव्हेनियन, त्यातले तिघं झ वाले: मात्याझ देबेलाक, मात्याझ झुपान, प्रिमोझ उलागा. चौथा मिरान तेपेश. तो एकटाच बिनशेपटाचा.

(आणि मोझबद्दल सॉरी. पण भरवशाचा माणूस हे मी मनात ठेवणारच.)

ल्युब्लियानावाली_ताई
खेळ ठीक आहे पण प्रथमेश, इथे सगळ्यात मोठा प्रिमोझ विचारशील तर उत्तर एकच, प्रिमोझ त्रुबार. तुझा मित्र रोज खिशात घेऊन फिरत असेल, स्लोव्हेनियाच्या १ युरोच्या नाण्यावर त्याचंच चित्र आहे. युरोच्या आधी टोलार होते तेव्हा १० च्या नोटेवर होता.

१५०८ साली राश्चित्सा नावाच्या गावात जन्मला, बाप सुतारकाम आणि पाणचक्की बघायचा. जन्मतारखेची नोंदच नाही, पण नाव प्रिमोझ आहे म्हणजे ९ जूनच्या आसपास जन्मला असणार असा लोकांनी अंदाज बांधला. बघ म्हापसेकरांच्या आजीची पद्धत, फक्त उलटी, नावावरून तारीख शोधायची. आता २०१० पासून ८ जून हा त्रुबार दिवस म्हणून पाळतात. तर हा पाद्री झाला, मग ल्यूथरच्या बाजूला गेला, म्हणजे प्रोटेस्टंट झाला, मग पळून जर्मनीत जावं लागलं, आणि तिथून १५५० साली स्लोव्हेनियनमधली पहिली दोन छापील पुस्तकं काढली, एक कॅटेकिझम (ख्रिस्ती धर्माची शिकवण सांगणारं) आणि एक अंकलिपी. त्याच्या आधी ही भाषा छापता येईल असंच कोणाला वाटत नव्हतं, शेतकऱ्यांची बोली म्हणून सोडून दिलेली. त्याने लोकांना उद्देशून लिहिलं, लुबी स्लोवेंत्सी, म्हणजे प्रिय स्लोव्हेनियनांनो. नाण्यावर त्याचे शब्द आहेत, स्ताती इनु ओबस्ताती, उभं राहायचं आणि टिकून राहायचं.

आणि तुमच्या त्या नगाला सांग, त्रुबार लॅटिन-जर्मन पद्धतीने सही करायचा तेव्हा प्रीमुस त्रुबर अशी करायचा. स्टोव्हच्या साडेतीनशे वर्षं आधी.

शब्दखोर
ह्यात एक कडू गोष्ट राहिली. त्रुबार १५८६ ला जर्मनीतच, ट्यूबिंगेनजवळ वारला, आणि १६०० नंतर ल्युब्लियानाच्या कॅथलिक बिशपने त्याची आणि त्याच्या मंडळींची पुस्तकं गोळा करून जाळली. बिशपचं नाव तोमाझ ह्रेन. प्रिमोझने छापलं, तोमाझने जाळलं, दोघांच्या नावाला शेपूट तेच. फक्त युरिय दाल्मातिनचं १५८४ चं बायबल वाचलं, कारण कॅथलिक पाद्र्यांनाही प्रवचनाला स्लोव्हेनियनमध्ये दुसरं काही हाताशी नव्हतं, त्यासाठी ह्याच ह्रेनने रोमहून परवानगी मिळवली. पुढे सगळा प्रांत परत कॅथलिक झाला आणि त्रुबारचं नाव कित्येक पिढ्या पुसलं गेलं, तरी प्रिमोझ हे नाव काही अडलं नाही, कारण ते त्रुबारमुळे नव्हतंच, ते डोंगरावरच्या संतामुळे होतं. ज्याने फोडणी दिली तो वेगळा आणि ज्याच्या घरचं पातेलं होतं तो वेगळा.

संस्कृतानंद_काका
पातेल्याची उपमा आवडली. पण शेवटी शेगडी प्रायमसचीच.

प्रथमेश_कोथरूड
काका 😂😂 तुम्ही जिंकलात.

तर अपडेट. आज कॉलच्या आधी पाच मिनिटं मुद्दाम लवकर जॉइन झालो. म्हटलं, प्रीमोश, श वर जोर न देता, प्री लांब करून. तो एकदम थांबला आणि म्हणाला पुन्हा म्हण. मग बाकी दोघांना त्यांच्या भाषेत कायतरी सांगितलं आणि त्यात मला प्रीमोझा ऐकू आलं, झ सकट, मनातल्या मनात ताईंना नमस्कार केला. त्याला प्रथम आणि प्रीमुस चुलतभाऊ ते सांगितलं, प्र्वी आणि पूर्व सांगितलं, त्याने लिहून घेतलं, म्हणे बायकोला सांगतो, ती शाळेत भाषा शिकवते. स्टोव्हचं सांगितल्यावर आमचा नग अनम्यूट झाला आणि म्हणाला मी तेच म्हणत होतो सहा महिने. खोटारडा. शेवटी विचारलं की तू घरात पहिला मुलगा का, तर म्हणे नाही, तिसरा, जन्म नोव्हेंबरमधला, संताबिंताचा संबंध नाही, वडिलांना स्की जंपिंगचं वेड होतं बस.

९ जून कॅलेंडरला टाकून ठेवलाय. ताई, शुभेच्छा कशा द्यायच्या ते देवनागरीत नीट लिहून द्या.

ल्युब्लियानावाली_ताई
व्से नायबोल्शे झा गोत. ह्या झा चा झ साधा, बिनछपराचा. आणि इथे आमच्या ऑफिसात ज्याचा गोत तोच खायला आणतो, तेव्हा पोतित्सा मागून घे, अक्रोडाचा गोल रोल असतो. कॉलवर नुसता बघायला मिळेल, पण माग.